सदमा, धसका आणि एक सुई

आमचे नाना भिंगारला राहत. लष्करात ड्रायव्हर होते आणि १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते, एवढेच आम्हा नातवंडांना ठाऊक होते. खारे कर्जुन्याकडच्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की नगरमधल्या खिडक्यांची तावदाने थरथरतात. नगरचे लोक तिकडे लक्षही देत नाहीत. नाना मात्र प्रत्येक धडाक्याला हातातला चहाचा कप खाली ठेवत. अगदी सावकाश, कुणाच्या लक्षात येऊ नये असा. मग उठून दाराची कडी पाहत. रात्री भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून झोपत. दिवाळी आली की चार दिवस राहुरीला मामूंच्या शेतावर जाऊन राहत. फटाक्यांबद्दल चकार शब्द काढत नसत. उसाला पाणी द्यायचे आहे, असे सांगत.

नानी म्हणायची, ‘असर है.’ ताबीज झाले, दम केलेले पाणी झाले, दोनदा दर्ग्यावर नेऊन झाले. नानांनी कशालाच नाही म्हटले नाही. मी बी.एड. करत होते त्या वर्षी ते वारले. त्याच वर्षी मानसशास्त्राच्या पेपरात मी पावलॉव्हच्या कुत्र्यावर दहा मार्कांचे उत्तर लिहिले होते. घंटा वाजते, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, मग अन्न नसले तरी घंटेने पाणी सुटते. उत्तर मी पाठ केले होते. आमच्या घरात एक माणूस आयुष्यभर अशीच एक घंटा ऐकत होता, हे मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

पावलॉव्हच्याच कुत्र्यांची दुसरी गोष्ट त्या पुस्तकात नव्हती. १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला. प्रयोगशाळेतले पाणी पिंजऱ्यांत चढले आणि कुत्री बुडता बुडता वाचली. पुढे पावलॉव्हच्या लक्षात आले की त्यांपैकी काही कुत्री शिकलेले सारे विसरली आहेत. त्यांना पुन्हा शिकवले. मग एक दिवस दाराखालून पाण्याचा एक ओघळ आत सोडला, आणि शिकवलेले पुन्हा पुसले गेले. पूर केव्हाच ओसरला होता, पण कुत्र्याच्या अंगात तो ओसरला नव्हता. आज जगभरचे डॉक्टर ज्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, म्हणजे आघातानंतर अंगात मुरून बसलेला ताण, त्याचे इतके साधे चित्र मला दुसरे सापडलेले नाही.

उर्दूत याला ‘सदमा’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ टक्कर. ‘तसादुम’ या शब्दातही तोच धातू आहे. मराठीत ‘धसका’ म्हणतात. एखाद्याने धसका घेतला, हाय खाल्ली, असे आपण सहज बोलून जातो. ‘घेतला’, ‘खाल्ली’ ही क्रियापदे मला महत्त्वाची वाटतात. बाहेर घडलेली गोष्ट माणसाच्या आत गेली आणि तिथेच राहिली, हे आपल्या दोन्ही भाषांना डॉक्टरांच्या कितीतरी आधी उमगले होते. दहाव्या शतकाच्या आरंभी बल्खचे विद्वान अबू जैद अल्-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. शरीर आणि मन एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकाचे दुखणे दुसऱ्यात उतरते. आणि घरात औषधे ठेवतो तसे भीतीच्या वेळेसाठी चांगले विचार आधीच साठवून ठेवावेत, असे त्यांचे सांगणे होते. ९३४ साली ते वारले. त्यांच्यानंतर हजार वर्षांनीही सैन्याचे अधिकारी घाबरलेल्या शिपायाला ‘भित्रा’ याखेरीज दुसरे नाव द्यायला तयार नव्हते.

या इतिहासातला एक शब्द आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातून थेट इंग्रजीत गेला आहे. देवळालीला इंग्रजांची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. जहाजे हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्याचे जहाज हुकले त्याला पुढच्या हंगामापर्यंत महिनोन् महिने काढावे लागत. लढाई नाही, काम नाही, ऊन आणि दारू तेवढी होती. माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्या अवस्थेला सोजिरांनी नाव दिले ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ‘तप’, ताप. क्षयाला उर्दूत ‘तपेदिक’ म्हणतात, त्यातला तप. आजही इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला थट्टेने ‘डूलाली’ म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला देवळाली कुठे आहे हे माहीत नसते. दुखणे खरे होते, पण त्याचा विनोद झाला.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन शिपायांच्या हकिकती छापल्या आणि ‘शेल शॉक’ हा शब्द छापील वैद्यकात आणला. अंगावर ओरखडा नाही, पण दिसत नाही, चव लागत नाही, आठवत नाही, असे ते रुग्ण होते. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा आधी समज होता. पुढे गोळ्याच्या जवळपासही नसलेले शिपाई तीच लक्षणे घेऊन येऊ लागले. मग ते ढोंग करतात की काय, हा प्रश्न आला. काही डॉक्टर त्यांना विजेचे झटके देत, काही त्यांच्याशी बोलत बसत. १९१७ साली इंग्रजी सैन्याने ‘शेल शॉक’ हा शब्द वापरायलाच मनाई केली. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली त्या युद्धात ब्रिटिश साम्राज्याने आपल्याच ३०६ शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली ती २००६ साली.

हिंदी शिपायांच्या वाट्याला तर दुहेरी अविश्वास आला. १९१४ च्या थंडीत फ्रान्सच्या खंदकांत उतरलेल्या हिंदी पलटणींत हाताला जखमा झालेले शिपाई पुष्कळ दिसू लागले. हे लोक घरी जाण्यासाठी स्वतःच हातावर गोळी मारून घेतात, असा संशय वरिष्ठांनी घेतला. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ साली एक हजार जखमा तपासून अहवाल लिहिला. संशयाला आधार सापडला नाही. जखमी शिपायांची घरी जाणारी पत्रे सेन्सॉर उघडून वाचत असे, आणि त्यांतली कितीतरी उर्दूत असत. मनातले लिहायचे तर तेही परक्याच्या नजरेखालून.

आपल्या भागातली माणसे मुख्यतः मेसोपोटेमियाकडे गेली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कुट-अल-अमारा येथे ही फौज वेढ्यात सापडली. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि वाळवंटातून पायी हाकली गेली. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आजही संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके मेले, असे दोन आकडे त्यांवर असतात. जे परत आले आणि रात्री दाराकडे तोंड करून झोपले, त्यांचा तिसरा आकडा नसतो.

त्याच काळात खुद्द नगरच्या छावणीत उलट्या बाजूची माणसे कोंडलेली होती. हिंदुस्थानात सापडलेले जर्मन व्यापारी, खलाशी, मिशनरी आणि पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवरून आणलेले कैदी इथल्या तारांच्या कुंपणात ठेवले होते. १९१७ साली रेड क्रॉसचे स्विस प्रतिनिधी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या अशा छावण्या पाहायला आले, तेव्हा नगरही त्यांच्या वाटेवर होते. पुढच्याच वर्षी आडोल्फ फिशर या स्विस डॉक्टरने युरोपातल्या युद्धकैद्यांना पाहून ‘काटेरी तारेचा आजार’ या नावाचे पुस्तक लिहिले. एका गोष्टीवर मन ठरत नाही, झोप लागत नाही, शेजाऱ्याच्या श्वासाचाही राग येतो, आणि सुटका कधी हे ठाऊक नसते, ही त्याने नोंदवलेली लक्षणे. देवळालीच्या सोजिरांना आणि नगरच्या कैद्यांना एकाच ओळीत बसवता यावे, इतके ते सारखे आहे.

आता नगरच्या किल्ल्यात येऊ. उर्दू शिकवणाऱ्याला हा किल्ला चांदबीबीइतकाच ‘गुबार-ए-खातिर’मुळे जवळचा असतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मौलाना आझादांना मुंबईत अटक झाली आणि नेहरू, पटेल आदी कार्यकारिणीच्या नेत्यांसह त्यांना इथे आणले. पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. आझादांनी सरकारकडे भेटीची परवानगी मागितली नाही. ११ एप्रिलच्या, कधीच न पाठवलेल्या पत्रात त्यांनी त्या दिवसांविषयी लिहिले आहे. वर्तमानपत्र घेऊन जेलचा अधिकारी येई. व्हरांड्यात त्याच्या पावलांचा आवाज झाला की आझादांचे काळीज धडधडू लागे, आज काय बातमी असेल म्हणून. पण वर्तमानपत्र हातात घेण्याची घाई ते दाखवत नसत. जणू काही झालेच नाही, असे लिहीत बसत. आणि हे सारे देखावा होता, आतून आपण तसे नव्हतो, याची कबुलीही ते तिथेच देतात.

मी हा मजकूर वर्गात अनेकदा शिकवला. धैर्याचा आदर्श म्हणून शिकवला. आता वाचताना माझे लक्ष पावलांच्या आवाजावर जाते. एवढ्या मोठ्या आलिमचे मनावर राज्य होते, चेहऱ्यावर होते, लेखणीवर होते. काळजाच्या ठोक्यांवर मात्र नव्हते. कारण ते ठोके ज्या यंत्रणेच्या हाती असतात ती माणसाच्या इच्छेला विचारत नाही. शरीरशास्त्रात तिला अनुकंपी मज्जासंस्था म्हणतात. धोका दिसला की तीच नाडी वाढवते, बाहुल्या मोठ्या करते, घाम आणते, पळायला किंवा लढायला अंग तयार करते. धोका टळला की तिने शांत व्हायचे असते. सदमा बसलेल्या माणसात ती शांत होत नाही. नानांच्या हातातला कप तीच खाली ठेवत होती.

दुसऱ्या महायुद्धात याच जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव इटलीत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी मशिनगनच्या माऱ्यातून दोन जखमींना बाहेर काढले आणि मग एकट्याने मशिनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली ते वारले. अशा गौरवपत्रात त्या एका दिवसाची हकीकत असते, हाताची जखमही नोंदलेली असते. पुढच्या चाळीस वर्षांच्या रात्री नोंदायची सोय त्यात कुणाच्याच बाबतीत नसते. नगरला रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून आहे. शाळेची सहल तिथे नेली की मुले लोखंडाला हात लावून पाहतात. त्या लोखंडाच्या आत बसलेल्या माणसाचे काय झाले, हे मुले विचारत नाहीत, आणि आम्ही शिक्षकही सांगत नाही.

या दुखण्याला अधिकृत नाव मिळायला १९८० साल उजाडले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी ते आपल्या यादीत घेतले, आणि लढाईबरोबरच बलात्कार, अपघात, भूकंप यांनीही ते जडते हे मान्य केले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली, हजारो माणसे गेली. वाचलेली माणसे पुढे कितीतरी दिवस छताखाली झोपायला तयार नव्हती.

आता त्या सुईविषयी, जिच्यामुळे मी हे सारे वाचू लागले. तिचा उगम मनोविकारात नाही, दुखण्यात आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात मज्जातंतूला गोळी लागलेल्या शिपायांचा हात जखम भरल्यावरही आगीत धरल्यासारखा जळत राही. वेअर मिचेल या डॉक्टरने ते नोंदवले. १९१६ साली फ्रान्समध्ये रेने लेरीशने अशाच जळणाऱ्या हाताच्या रक्तवाहिनीभोवतीचे अनुकंपी तंतू कापून काढले. तंतू कापण्याऐवजी त्यांना तात्पुरते बधिर करावे, ही पुढची पायरी. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने डोळा बधिर करायला कोकेन वापरले होते. मग कमी धोक्याची औषधे आली. मानेच्या तळाशी, मणक्याच्या दोन्ही बाजूंना या तंतूंची एक गाठ असते. ताऱ्याच्या आकाराची, म्हणून ‘स्टेलेट गँग्लिऑन’. तिच्याभोवती बधिर करणारे औषध सोडायचे, याला ‘ब्लॉक’ म्हणतात. हाताच्या असह्य वेदनांसाठी वेदनाचिकित्सक हे इंजेक्शन कित्येक दशके देत आले आहेत. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत ते देतात. ते बरोबर बसले की त्या बाजूची पापणी काही तास खाली येते, बाहुली बारीक होते, कधी कधी आवाजही घोगरा होतो.

२००८ साली शिकागोचे भूलतज्ज्ञ युजीन लिपोव्ह यांनी दरोड्याच्या प्रसंगानंतर सदमा बसलेल्या एका माणसाला हे इंजेक्शन दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याची घबराट झपाट्याने उतरली, असे त्यांनी लिहिले. तत्पूर्वी स्त्रियांच्या रजोनिवृत्तीत अंगातून येणाऱ्या गरम वाफांवर ते हा ब्लॉक वापरत होते. अमेरिकन सैन्याने यात रस घेतला. पण एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. २०१६ साली ४२ जणांवरच्या चाचणीत खरे इंजेक्शन आणि खोटे इंजेक्शन यांत फरक दिसला नाही. मग सेवेत असलेल्या ११३ सैनिकांवर तीन लष्करी रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शने दिली. आठ आठवड्यांनी, ८० गुणांच्या मापावर, खऱ्या इंजेक्शनवाल्यांचा त्रास सरासरी १२.६ गुणांनी उतरला, खोट्या इंजेक्शनवाल्यांचा ६.१ गुणांनी. हे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले.

या आकड्यांकडे मी शिक्षकाच्या नजरेने पाहते. खोट्या सुईनेही सहा गुण उतरतात, याचा अर्थ काय? कुणीतरी आपल्या त्रासाला खरा मानले, झोपवले, तपासले, एवढ्यानेही काही बरे वाटते. खऱ्या सुईने त्याच्या दुप्पट. म्हणजे औषधाचा काही भाग नक्की आहे, पण चमत्कार नाही. बधिरपणा काही तासांत जातो, मग आराम आठवडेच्या आठवडे का टिकतो, याचे पूर्ण उत्तर शास्त्रज्ञांकडेही अजून नाही. धोकेही आहेत. मानेत मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, फुप्फुसाचे टोक जवळ आहे. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येऊ शकतात. म्हणून हे अनुभवी हातांचे काम आहे. बोलून करायचे उपचार आणि गोळ्या हाच आजही मुख्य रस्ता आहे. सुईने झाले तर एवढेच होते की अंग थोडे शांत होते आणि माणूस बोलू शकतो. आपल्या जिल्ह्यात उद्या कुणी या सुईची जाहिरात केली, तर वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

तरीही मला ही सुई इतिहासातली मोठी घटना वाटते, ती तिच्या यशामुळे नव्हे. मानेतल्या एका गाठीला औषध लावल्यावर भीती उतरू शकते, ही गोष्ट आता भित्रेपणाचा आरोप करणाऱ्यांना उत्तर म्हणून दाखवता येते. नानी समजत होती तसा तो बाहेरून आलेला असर नव्हता. नानांचे इमानही कमी नव्हते. त्यांच्या शरीराने एकदा शिकलेला धडा विसरायला नकार दिला होता.

आपल्या समाजात हे सांगणे सोपे नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. बांधणारे सारेच दुष्ट होते असे नाही. त्यांना दुसरा रस्ता ठाऊक नव्हता. रस्ता निघू शकतो हेही दिसले आहे. २००८ पासून गुजरातेत मीरा दातार दर्ग्यावर ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि तिथेच बसलेल्या डॉक्टरकडे रुग्णाला पाठवतात. दुआ सोडा, असे कुणी म्हणत नाही. २०२२ पासून ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आमच्या नानीला हे दोन्ही मिळाले असते तर तिने नक्की दोन्ही केले असते. नानांसाठी तिने काय नाही केले?

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. हमरस्त्यावरच्या अपघातात तिच्या देखत तिचे वडील गेले होते. शाळेबाहेर ट्रकचा हॉर्न वाजला की तिची पेन्सिल थांबे. पहिले दोन महिने मी तिला ‘ध्यान कहाँ है तेरा?’ असे विचारत राहिले. एक दिवस के. के. रेंजवर धडाका झाला, वर्गातली मुले हसली, आणि तिने पेन्सिल अगदी सावकाश खाली ठेवली. कुणाच्या लक्षात येऊ नये अशी.

तो हात मी आधी पाहिलेला होता. दुसऱ्या दिवशी तिची जागा रस्त्याकडच्या खिडकीपासून हलवून दाराजवळ, भिंतीला पाठ लागेल अशी केली. तिच्या अम्मीला बोलावून तासभर बोलले, आणि सिव्हिल हॉस्पिटलला त्यांच्याबरोबर मीच गेले. हॉर्न वाजला की तिची पेन्सिल अजूनही थांबते. पण आता ती माझ्याकडे पाहते, मी मान हलवते, आणि ती पुढची ओळ लिहायला घेते.